संगणकाचे घड्याळ : ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना वेळ बरोबर कशी लावावी



या सत्रात आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी बारा जुने संगणक भेट दिले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यानंतर पुष्कळ कार्यालयांनी आपली जुनी यंत्रे बदलली आणि त्यांतलीच ही यंत्रे आपल्याकडे आली. यंत्रे चांगली आहेत, पण विंडोज ११ त्यांच्यावर चालत नाही. म्हणून बहुतेकांवर लिनक्स बसवायचे आणि दोन यंत्रांवर लिनक्सबरोबर जुने विंडोजही इंटरनेटशिवाय ठेवायचे, असे ठरले आहे. हे काम इयत्ता नववी आणि अकरावीचे विद्यार्थी संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली करणार आहेत.

इन्स्टॉलेशनमध्ये पुष्कळ पायऱ्या असतात. डिस्कचे भाग पाडणे, पासवर्ड ठरवणे, भाषा निवडणे याकडे सगळे नीट लक्ष देतात. तारीख आणि वेळेची खिडकी आली की मात्र ‘नेक्स्ट’ दाबून पुढे जातात. घड्याळ काय, नंतर लावू, असे वाटते. या पाठात आम्ही हीच एक पायरी शिकवणार आहोत. पायरी लहान आहे, पण ती चुकली तर पुढची कामे बिघडतात, आणि बिघाड घड्याळाचा आहे हे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

एका संगणकात दोन घड्याळे

प्रथम हे समजून घेऊ की संगणकात घड्याळे दोन असतात.

पहिले घड्याळ मदरबोर्डवर असते. संगणक बंद असला, वीज गेली, प्लग काढला तरी हे चालत राहते. त्याला शक्ती मिळते ती रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या एका सेलपासून. त्यावर ‘सीआर २०३२’ असे छापलेले असते. त्यातले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सेल ३ व्होल्टचा असतो. या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात युक्ती आहे. ३२,७६८ ला १५ वेळा निम्मे करा, बरोबर १ उरतो. निम्मे करण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मंडळाला अगदी सोपे असते, म्हणून १५ टप्प्यांनंतर त्याला दर सेकंदाला एक ठोका मिळतो. आपल्या मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा आहे.

दुसरे घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचे. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या घड्याळाला एकदा वेळ विचारते आणि तिथून पुढे स्वतः मोजत राहते. पडद्याच्या कोपऱ्यात आपल्याला दिसते ते हे दुसरे घड्याळ. फाइलवर तारीख-वेळेचा शिक्काही हेच मारते.

आता नीट लक्ष द्या. पहिले घड्याळ केवळ आकडे सांगते, जसे १४ वाजून ०० मिनिटे. हे १४ कुठले, भारतातले की लंडनचे, हे ते सांगत नाही. तो अर्थ ऑपरेटिंग सिस्टिमने लावायचा असतो. घड्याळाच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

वेळेचे क्षेत्र म्हणजे काय

जगाची मोजणी एका समान वेळेवर चालते. तिला यूटीसी म्हणतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. आपल्याकडे दुपारचे २ वाजतात तेव्हा यूटीसीत सकाळचे ८:३० झालेले असतात.

हे साडेपाच तास आले कुठून? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. साडेब्याऐंशी गुणिले चार बरोबर ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास.

१ जानेवारी १९०६ पासून ही वेळ भारतात लागू झाली. पण सगळ्यांनी ती लगेच मानली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि तिथे ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा चालत होत्या, आणि कोणी वेळ सांगितली की ‘कुठल्या घड्याळाची?’ हे आधी पाहावे लागे. एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्या की नेमके हेच होते. ते पुढे पाहू.

आपण माळव्यातली मुले तर हे अधिक चांगले समजू शकतो. प्राचीन भारतीय ज्योतिषात मुख्य रेखावृत्त उज्जैनमधून मोजले जात असे. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी तिथे वेधशाळा बांधली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिथल्या सम्राट यंत्रावर सावलीने जी वेळ दिसते ती उज्जैनची स्थानिक वेळ असते. आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ती जुळत नाही, तरी यंत्र चुकीचे नसते. वेळ सांगणाऱ्याने ती कुठली हे सांगितले पाहिजे आणि ऐकणाऱ्याने तेच समजले पाहिजे, एवढाच त्याचा धडा आहे. संगणकात हे सांगण्याचे काम ‘टाइम झोन’ म्हणजे वेळेचे क्षेत्र करते.

प्रत्यक्ष कृती : पाच पायऱ्या

पायरी पहिली : इन्स्टॉलेशनच्या आधी बायोस पाहा. संगणक सुरू होताच एफ २ किंवा डिलीट ही कळ दाबली की बहुतेक यंत्रांत बायोसचा पडदा येतो. तिथे तारीख आणि वेळ दिसते. पुष्कळ बायोसमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपल्या सवयीने ०५-०८ ला आपण ५ ऑगस्ट समजू, पण तिथे तो ८ मे असू शकतो. खात्री करायची असेल तर दोन्ही आकडे एकेक वाढवून पाहा. जो आकडा १२ च्या पुढे जात नाही तो महिन्याचा. वर्षही तपासा, कारण घाईत दिवस-महिना बघितला जातो आणि वर्ष राहून जाते.

पायरी दुसरी : सेल तपासा. बायोसमध्ये वेळ लावून संगणक बंद करा, प्लग काढा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. घड्याळ दहा मिनिटे पुढे गेले असेल तर सध्या ठीक आहे. जुन्याच एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर परत गेले असेल तर सेल संपला आहे. सेल अगदी संपत आला असेल तर तो रात्रभरातही हार मानतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा पाहावे. सेल बदलताना प्लग काढलेला असावा, अधिकची खूण असलेली बाजू वर असावी आणि हे काम शिक्षकांसमोरच करावे. जुना सेल कचऱ्यात टाकू नका आणि लहान भावंडांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नका. नाण्याएवढा सेल गिळला गेला तर घशात गंभीर इजा होते. असे झाले तर एक क्षण न घालवता इस्पितळात न्यावे.

पायरी तिसरी : इन्स्टॉलर विचारेल तेव्हा क्षेत्र निवडा. लिनक्सच्या यादीत शहराच्या नावाने निवड असते. इंदूर, ग्वाल्हेर, मुंबई किंवा दिल्ली शोधत बसू नका. भारतासाठी ‘आशिया’ आणि त्याखाली ‘कोलकाता’ निवडायचे. जुन्या आवृत्त्यांत तेच नाव ‘कॅलकटा’ असे दिसेल. विंडोजमध्ये यूटीसी अधिक ०५:३० समोर चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ आहे. तिच्याजवळच श्रीलंकेचीही ओळ आहे आणि तिचाही फरक आज साडेपाच तासच आहे. तरी आपण आपलीच ओळ निवडावी, कारण एखाद्या देशाने आपली वेळ बदलली तर त्या ओळीचा हिशेबही बदलतो.

विंडोज एक्सपीच्या काळात इन्स्टॉलेशनच्या मध्येच तारीख, वेळ आणि क्षेत्राची खिडकी समोर येत असे. नव्या विंडोजमध्ये देश विचारतात आणि बाकीचे त्यावरून ठरते, म्हणून वेळेकडे लक्षच जात नाही. इन्स्टॉलेशन झाल्यावर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘डेट अँड टाइम’ उघडून क्षेत्र डोळ्यांनी पाहावे.

पायरी चौथी : आधी क्षेत्र, मग वेळ. हा क्रम कधीही उलटा करू नका. समजा संगणकाचे क्षेत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले आहे. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. एखादा विद्यार्थी क्षेत्र न बदलता नुसते काटे फिरवून कोपऱ्यात दुपारचे २ करतो. दिसायला वेळ बरोबर झाली. पण संगणक समजतो की अमेरिकेच्या किनाऱ्यावर दुपारचे २ वाजले, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेतीन. त्या संगणकावरून ई-मेल गेली तर भारतात ती उघडणाऱ्याला उद्या पहाटेची तारीख दिसू शकते. पुढे इंटरनेट जोडले की संगणक स्वतःहून काटे परत अमेरिकेच्या वेळेवर नेतो आणि मुलगा म्हणतो, ‘सर, घडी आपोआप बिघडते!’ घडी बिघडत नाही, तिला पत्ता चुकीचा दिलेला असतो.

पायरी पाचवी : इंटरनेटवरून वेळ मिळवणे चालू करा. लिनक्समध्ये ‘ऑटोमॅटिक डेट अँड टाइम’ आणि विंडोजमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ हे चालू ठेवा. विंडोजमध्ये ‘सिंक नाऊ’ हे बटन दाबून लगेच जुळवताही येते. पण पहिल्या चार पायऱ्या न करता एकट्या पाचवीवर भरवसा ठेवू नये. घड्याळात फारच मोठा फरक असला तर वेळ जुळवणारे काही प्रोग्राम सावधगिरी म्हणून दुरुस्ती करायला नकार देतात. आधी हाताने जवळपास आणावे, मग बारीक जुळवणी त्यांच्यावर सोपवावी.

दूरवरून वेळ कशी जुळते?

पुष्कळ विद्यार्थी विचारतात की वेळेचा निरोप यायलाच वेळ लागतो, मग तो पोहोचेपर्यंत शिळा होत नाही का? प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर एनटीपी नावाच्या पद्धतीत आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ती १९८५ च्या सुमारास तयार केली आणि आजही जग तिच्यावर चालते.

समजण्यासाठी आकडे मोठे घेऊ. आपल्या संगणकाने आपल्या घड्याळाप्रमाणे १०:००:०० ला विचारले, किती वाजले? सर्व्हरने लगेच लिहून पाठवले, १०:०५:०२. उत्तर हाती आले तेव्हा आपल्या घड्याळात १०:००:०४ झाले होते. जायला-यायला मिळून ४ सेकंद लागले. दोन्ही वाटा सारख्या धरल्या तर यायला २ सेकंद. म्हणजे उत्तर हाती आले त्या क्षणी खरी वेळ १०:०५:०४ होती आणि आपले घड्याळ बरोबर ५ मिनिटे मागे आहे. खरोखरीच्या कामात हा प्रवास सेकंदाच्या लहानशा भागात होतो आणि संगणक एकदा नाही तर पुन्हा पुन्हा विचारून खात्री करतो.

आपल्या देशाची प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिथे सिझियमची अणुघड्याळे आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर ठरलेली आहे. त्यांच्यासमोर आपल्या मदरबोर्डचा स्फटिक साधा आहे. दहा लाखांत वीसची चूक त्याला सहज होते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कक्ष उघडला की सगळ्या संगणकांची वेळ थोडी थोडी वेगळी दिसते ती यामुळे.

दोन सिस्टिम, एक घड्याळ

ज्या दोन यंत्रांवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही राहणार आहेत त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यायचे आहे. मदरबोर्डच्या घड्याळातले आकडे विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचते. डॉसच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आहे. लिनक्स सहसा तेच आकडे यूटीसी म्हणून वाचते.

आता काय होते पाहा. दुपारचे २ वाजले आहेत. लिनक्सने मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी म्हणून ८:३० लिहिले. संगणक विंडोजमध्ये सुरू केला. विंडोजने ८:३० वाचले आणि सकाळचे ८:३० दाखवले. आपण विंडोजमध्ये वेळ २ वाजताची केली. विंडोजने मदरबोर्डवर १४:०० लिहिले. पुन्हा लिनक्स सुरू केले. त्याने १४:०० हे यूटीसी समजून साडेपाच तास मिळवले आणि संध्याकाळचे ७:३० दाखवले. दोन्ही सिस्टिम आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण एकीने दुसरीची भाषा वेगळी समजली.

उपाय एकच आहे. दोघींना एकच पद्धत पाळायला सांगायची. विंडोजला यूटीसी पाळायला सांगता येते, पण त्यासाठी रजिस्ट्रीत बदल करावा लागतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणे एका ओळीच्या आज्ञेने होते. लिनक्स यावर सावधगिरीची सूचना देते, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात तिथे या पद्धतीने घोटाळा होतो. भारतात आज ती पद्धत नाही, म्हणून आपल्या दोन यंत्रांसाठी आम्ही स्थानिक वेळ ठरवली आहे. ज्या दहा यंत्रांवर फक्त लिनक्स आहे तिथे यूटीसीच राहील. काही इन्स्टॉलर दुसरी सिस्टिम दिसल्यावर स्वतःच विचारतात की मदरबोर्डचे घड्याळ यूटीसीत आहे का. तेव्हा हा नियम आठवून उत्तर द्यावे. प्रत्येक यंत्रावर कुठली पद्धत आहे याची चिठ्ठी डब्याच्या बाजूला चिकटवली जाईल. ती कोणी काढू नये.

चुकीचा आकडाच रोग सांगतो

वैद्य जसा नाडी पाहून रोग ओळखतो, तसे घड्याळ किती चुकले आहे हे पाहून कारण ओळखता येते. हा तक्ता वहीत उतरवून घ्या.

१. बरोबर साडेपाच तासांचा फरक : यूटीसी आणि स्थानिक वेळेची गल्लत.
२. साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे : क्षेत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे राहिले आहे. तिथल्या उन्हाळी वेळेत फरक साडेबारा तास होतो.
३. बरोबर बारा तासांचा फरक : सकाळ-संध्याकाळ उलटी लावली.
४. काही महिन्यांचा फरक आणि वेळ ठीक : दिवस आणि महिन्याची अदलाबदल.
५. बऱ्याच वर्षांचा फरक, तारीख १ जानेवारी : सेल संपला आहे.
६. काही सेकंद किंवा काही मिनिटे : स्फटिकाची नैसर्गिक चूक, इंटरनेटवरून जुळवणी बंद आहे.

सहाही कारणांचे उपाय वरच्या पाच पायऱ्यांत आणि दोन सिस्टिमच्या नियमात आलेले आहेत.

इतके करण्याची गरज काय?

काही पालक म्हणतील, मनगटावर घड्याळ आहे, खिशात मोबाइल आहे, संगणकाची वेळ कोण पाहतो? आपण पाहत नाही, पण संगणकाचे बाकीचे प्रोग्राम पाहतात.

सुरक्षित वेबसाइटजवळ ओळखीचे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. संगणकाची तारीख १ जानेवारी २००९ असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही. तो वेबसाइट उघडायला नकार देतो आणि घरचे समजतात की इंटरनेट खराब आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल तर हा घोटाळा किती महाग पडेल ते सांगायला नको. इन्स्टॉलेशनमध्येही तसेच. लिनक्सच्या नव्या पॅकेजची यादी तारखेसह सही होऊन येते. घड्याळ मागे असेल तर ‘ही यादी अजून लागू झालेली नाही’ म्हणून ती नाकारली जाते आणि सुरक्षेचे अपडेट बसत नाहीत. घड्याळ पुढे असेल तर अँटिव्हायरसची मुदत आजच संपल्यासारखी दिसते.

याहून मोठी गोष्ट नोंदींची आहे. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या वेळी आपल्या शाळेत जे घडले ते इथे सांगणे योग्य आहे. आठवीच्या एका विद्यार्थ्याचे गणिताचे गुण ६३ होते आणि भरताना आकडे उलटून ३६ झाले. वर्गशिक्षिका बाईंनी दुसऱ्या दिवशी चूक पाहून ती दुरुस्त केली. पण ज्या संगणकावर दुरुस्ती झाली त्याचा सेल संपलेला होता आणि त्याने फाइलवर २००९ ची तारीख मारली. कार्यालयात सगळ्या वर्गांच्या फाइली एकत्र करताना ‘दोन्हींतली नवी ठेवा’ असा पर्याय घेतला गेला. संगणकाने आज्ञा पाळली. त्याच्या दृष्टीने ३६ गुणांची फाइल नवी आणि ६३ गुणांची सोळा वर्षे जुनी. दुरुस्त फाइल बाजूला पडली. आपल्याकडे निकाल छापण्यापूर्वी कागदी गुणपत्रकाशी एकेक ओळ वाचून ताडण्याची जुनी रीत आहे, म्हणून ही गोष्ट सापडली आणि त्या मुलाला त्याचे ६३ गुण मिळाले. त्या फाइलीत कोणी लबाडी केली नव्हती, कोणी आळस केला नव्हता. एका छोट्या सेलने एका मुलाच्या महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी फिरवले असते.

हेही ध्यानात ठेवा की नंतर घड्याळ बरोबर केले तरी आधी मारलेले शिक्के आपोआप सुधारत नाहीत. ज्या फाइलवर २००९ पडले तिच्यावर ते तसेच राहते. म्हणून वेळ इन्स्टॉलेशनच्या वेळीच बरोबर लावायची, पहिली फाइल तयार होण्याच्या आधी.

शाळेचा आणि तारखेचा संबंध जुना आहे. आपल्या स्कॉलर रजिस्टरमध्ये लिहिलेली जन्मतारीख माणसाला आयुष्यभर उपयोगी पडते. साठीच्या घरातले माजी विद्यार्थी आजही पेन्शनच्या कामासाठी ती नक्कल मागायला येतात आणि शाळेने लिहिले म्हणजे खरे, असे मानून जातात. उद्या हीच नोंद संगणकात जाणार आहे. कागदावरची तारीख लिहिताना जुने गुरुजी दोनदा वाचून पाहत. संगणकाच्या तारखेसाठी आपणही तेवढी काळजी घेतली पाहिजे.

पालकांसाठी

घरच्या संगणकावर सुरक्षित वेबसाइट एकाएकी उघडेनाशा झाल्या तर मेकॅनिकला बोलावण्याच्या आधी कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष पाहावे. सेलची किंमत एका चांगल्या वहीएवढी असते. कित्येकदा तेवढ्यावर काम होते. मुलांना हे तपासायला सांगा, त्यांना येते.

विश्वस्त मंडळास विनंती

भेट आलेल्या बाराही संगणकांचे सेल एकदम नवे घालावेत आणि तारखेसह त्याची नोंद कक्षाच्या रजिस्टरमध्ये व्हावी, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक सत्राच्या पहिल्या दिवशी सगळ्या यंत्रांची वेळ तपासण्याचे काम नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने देण्यात येईल. खर्च अगदी थोडा आहे आणि त्यात गुणपत्रके, हजेरी आणि अर्ज या तिन्हींची राखण होते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. लिनक्समध्ये सकाळचे ११:१५ वाजले होते. लगेच विंडोज सुरू केले तर ५:४५ दिसले. रोग कोणता आणि उपाय कोणता?

२. ३२,७६८ ला १५ वेळा निम्मे करून दाखवा. आकडा ३०,००० घेतला असता तर काय अडचण आली असती?

३. एक घड्याळ दिवसाला २ सेकंद मागे पडते. ४५ दिवसांच्या उन्हाळी सुट्टीनंतर ते किती मागे असेल?

४. उज्जैनचे रेखांश ७५ अंश ४६ कला धरा. एका अंशाला ४ मिनिटे आणि एका कलेला ४ सेकंद या हिशेबाने उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या किती मागे आहे?

५. अनेक जुने प्रोग्राम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. त्यांतल्या ३२ बिटांच्या मोजणीत १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी ०३:१४:०७ नंतर जागा उरत नाही. त्या क्षणी आपल्या घड्याळात किती वाजलेले असतील? तेव्हा तुमचे वय किती असेल? त्या वेळी या कक्षातले संगणक सांभाळणारे कदाचित तुमच्यापैकीच कोणी असेल, म्हणून हे उत्तर विचार करून लिहा.

उत्तरे वहीत लिहून संगणक शिक्षकांना दाखवावीत. ज्यांची पाचही उत्तरे बरोबर येतील त्यांना इन्स्टॉलेशनच्या पहिल्या तुकडीत घेण्यात येईल.

— प्राचार्य